संगणकातील फाइलींचा बॅकअप : भरवशाची पद्धत कशी निवडावी?

बॅकअप म्हणजे संगणकातील फाइलींची दुसरी प्रत. ती अशा ठिकाणी आणि अशा रीतीने ठेवलेली असावी, की मूळ फाइल गेली तरी प्रत हाताशी राहील. व्याख्या सोपी आहे, तरी बॅकअप आहे असे समजणाऱ्या अनेकांकडे तो प्रत्यक्षात नसतो. हे त्यांना कळते ते लॅपटॉप सुरू व्हायचा बंद झाल्यावर.

आपल्याकडे सर्वाधिक दिसणारे उदाहरण डी ड्राइव्हचे. ‘सी ड्राइव्हमध्ये विंडोज, महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हमध्ये’ ही सवय गेल्या पंचवीस वर्षांत घराघरांत रुजली. तिला कारणही होते. विंडोज बिघडले की दुरुस्तीवाला सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवे विंडोज टाकत असे आणि डी ड्राइव्हला हात लावत नसे. त्यामुळे डी म्हणजे सुरक्षित हा समज पक्का झाला. पण बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, एका कपाटाच्या दोन कप्प्यांसारखे. विंडोज बिघडले तर डीवरच्या फाइली वाचतात हे खरे. डिस्कच जळाली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा पाण्यात पडला, तर दोन्ही कप्पे एकदमच जातात.

तेव्हा पद्धत निवडताना कोणती डिस्क घ्यावी किंवा कोणती सेवा स्वस्त, हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी पाहायचे ते हे, की फाइली कोणकोणत्या वाटांनी जाऊ शकतात आणि त्यातल्या किती वाटा ही प्रत अडवते.

फाइली कशा जातात?

पहिली वाट डिस्क बिघडण्याची. हजारो हार्ड डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या डिस्क किती बिघडतात याची आकडेवारी नियमित जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला साधारण एक ते पावणेदोन टक्के राहिले आहे. या डिस्क वातानुकूलित खोलीत, स्थिर वीजपुरवठ्यावर चालतात. घरातल्या डिस्कला धूळ, उकाडा, वीज अचानक जाणे, टेबलावरून पडणे हे सगळे सोसावे लागते. लॅपटॉपमध्ये आता हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारे भाग नसल्यामुळे धक्क्याने ती सहसा खराब होत नाही. मात्र हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, संथ होते, आवाज करते. एसएसडी पुष्कळदा काहीच न सांगता बंद पडते. शिवाय एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता जुन्या हार्ड डिस्कच्या मानाने फारच कमी असते. मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून ठेवते.

दुसरी वाट वापरणाऱ्याच्या हातची. चुकीचे फोल्डर डिलीट होते, किंवा नवी फाइल जुन्याच नावाने सेव्ह होते. ही चूक पुष्कळदा त्या दिवशी लक्षातच येत नाही. मार्चमध्ये पुसलेला तक्ता जुलैमध्ये विवरणपत्र भरताना आठवतो. त्यामुळे केवळ ‘आजची’ प्रत पुरेशी नाही. काही महिन्यांपूर्वीची स्थितीही हाती असावी लागते.

तिसरी वाट चोरी, आग आणि पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. अशा वेळी तळमजल्यावरच्या दुकानात संगणक आणि त्याच्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची डिस्क यांची गत एकच होते.

चौथी वाट रॅन्समवेअरची. हा प्रोग्राम संगणकातल्या फाइलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’मुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. घरगुती संगणकांत मात्र तो बऱ्याचदा फुकट मिळवलेल्या सॉफ्टवेअरच्या ‘क्रॅक’मधून शिरतो. तो फक्त सी ड्राइव्हवर थांबत नाही. त्या क्षणी जोडलेली एक्स्टर्नल डिस्क, पेन ड्राइव्ह, नेटवर्कवरची फोल्डरे, जे जे दिसेल त्याला कुलूप लागते. कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क इथे कुचकामी ठरते.

पाचवी वाट नवी आहे : खाते बंद होणे. फाइली शाबूत असतात, पण पासवर्ड आठवत नाही, जुना मोबाइल नंबर बंद झाल्यामुळे ओटीपी येत नाही, किंवा कंपनीनेच खाते गोठवलेले असते.

या पाचही वाटा एकट्याने अडवणारे साधन बाजारात नाही. म्हणून दोन साधने लागतात, आणि ती एकमेकांपेक्षा वेगळ्या स्वभावाची असावी लागतात.

३-२-१ चा नियम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ मध्ये डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. ‘३-२-१’ हा नियम लोकप्रिय करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. फाइलीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी, असा हा नियम. तीन प्रतींत मूळ फाइलही धरली आहे, म्हणजे प्रत्यक्षात दोनच जादा प्रती करायच्या. घरगुती वापरासाठी याचा सरळ अर्थ होतो : एक एक्स्टर्नल डिस्क आणि एक क्लाउड. किंवा दोन डिस्क, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

‘घराबाहेर’ हा शब्द लोक सर्वात आधी विसरतात, आणि तो विसरण्यात मोठ्या संस्थाही मागे नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटरीमुळे आग लागली. तिथल्या ‘जी-ड्राइव्ह’ या क्लाउडमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी ठेवलेली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. आकार फार मोठा असल्यामुळे तिची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. कामाच्या फाइली स्वतःच्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवाव्यात, अशी सूचना कर्मचाऱ्यांना होती. काही खात्यांनी ती काटेकोर पाळली होती, आणि नुकसानही त्यांचेच जास्त झाले.

आधी निवड, मग प्रत

सगळ्या संगणकाची प्रत घ्यायची गरज नसते. विंडोज, ऑफिस, ब्राउझर पुन्हा मिळतात. न मिळणाऱ्या गोष्टी म्हणजे स्वतः लिहिलेले, स्वतः काढलेले आणि हिशेबाचे. बहुतेक घरांत हे सारे शे-दोनशे जीबीत बसते, आणि त्यातही मोठा वाटा फोटो आणि व्हिडिओंचा असतो. दस्तऐवज वेगळे काढले तर ते पुष्कळदा पाच-दहा जीबीच्या वर जात नाहीत.

ही निवड करताना काही फाइली हमखास निसटतात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसून स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. तो सॉफ्टवेअर चालू असताना कॉपी केला, तर प्रत अर्धवट निघू शकते. टॅलीसारख्या प्रोग्राममध्ये बॅकअपची स्वतंत्र सोय दिलेली असते ती यासाठीच. ती वापरावी, आणि तयार झालेली फाइल मग इतरांबरोबर डिस्कवर न्यावी. आउटलुकमधली डाउनलोड केलेली मेल अशीच वेगळ्या जागी पडून असते.

गूगल डॉक्सची गंमत निराळी आहे. संगणकावरच्या गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ती फाइलीसारखी दिसतात, पण तिथे असतो तो फक्त दुवा. ते फोल्डर डिस्कवर कॉपी केले तर दुवे कॉपी होतात, मजकूर नाही. मजकूर हवा असेल तर गूगल टेकआउट या सोयीतून तो वर्ड किंवा पीडीएफ रूपात उतरवून घ्यावा लागतो. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलींपुढे ढगाचे चिन्ह दिसते, त्याही संगणकावर नसतात. नाव इथे, फाइल तिथे.

मराठी मजकुराचा प्रश्न यात वेगळाच आहे, आणि ज्यांचे लेखन २०१० च्या आधीचे आहे त्यांनी तो विशेष लक्षात घ्यावा. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेखन होत असे. त्यांतल्या बहुतेक फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फाइल जपली आणि फॉन्ट हरवला, तर उघडल्यावर दिसतात ती निरर्थक रोमन अक्षरे. म्हणून अशा फाइलींबरोबर तो फॉन्टही जपावा, एक प्रत युनिकोडमध्ये बदलून ठेवावी आणि एक पीडीएफ काढावी. युनिकोडमधली प्रत पुढे संपादनाला कामी येते. पीडीएफ मूळ पान जसेच्या तसे दाखवते, कारण फॉन्ट सहसा तिच्या पोटातच असतो. पेजमेकरमध्ये मांडलेली पुस्तके आणि दिवाळी अंक यांची गरज तर आणखी तातडीची आहे. ॲडोबीने पेजमेकरचा विकास २००४ मध्येच थांबवला. ते चालवणारा जुना संगणक जोवर सुरू आहे, तोवरच हे काम सोपे आहे.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क

घरगुती बॅकअपसाठी पहिले साधन म्हणून एक्स्टर्नल हार्ड डिस्कच घ्यावी. एकदा पैसे मोजले की दर महिन्याचे भाडे नाही, इंटरनेट लागत नाही, आणि लॅपटॉप गेला तर काही तासांत सगळे परत मिळते. क्षमता सध्याच्या माहितीच्या किमान दुप्पट असावी, म्हणजे जुन्या आवृत्त्यांनाही जागा राहते. एक्स्टर्नल एसएसडी लहान, वेगवान आणि धक्के सोसणारी असते. पण ती महागही पडते, आणि एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न देता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास हा भार हळूहळू ओसरतो. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्क बरी, असे म्हणण्याचे हे कारण.

पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी आहे. तो हरवतो, खिशात धुतला जातो. शिवाय ‘दोन टेराबाइट’ म्हणून अगदी स्वस्तात विकल्या जाणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात बत्तीस जीबीच असण्याचे प्रकार सर्रास घडतात. असा ड्राइव्ह भरला की तो फाइली घेत असल्याचे दाखवत राहतो आणि आधीच्या फाइलींवर लिहीत जातो. सीडी-डीव्हीडीवर जुन्या प्रती असतील तर त्या आत्ताच डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दमट हवेत त्यांचा थर खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपमध्ये त्या वाचणारा ड्राइव्हच नसतो.

डिस्क घेतल्यावर खरा प्रश्न येतो तो कॉपी कोण करणार हा. ‘दर रविवारी स्वतः कॉपी करू’ हा संकल्प साधारण चौथ्या रविवारी मोडतो. त्यामुळे काम प्रोग्रामकडे सोपवावे. मॅकमध्ये २००७ पासून टाइम मशीन आहे. गेल्या चोवीस तासांची दर तासाची, गेल्या महिन्याची दर दिवसाची आणि त्याआधीची दर आठवड्याची प्रत ते जागा असेपर्यंत ठेवते. विंडोजमध्ये याच्या जवळचे साधन म्हणजे फाइल हिस्टरी. ते विंडोज ८ पासून आहे, विंडोज ११ मध्ये जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये दडलेले आहे, आणि मुद्दाम सुरू केल्याशिवाय चालत नाही. त्यातही एक मेख आहे. फाइल हिस्टरी आपणहून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांकडेच पाहते. डी ड्राइव्हवर स्वतः केलेले ‘महत्त्वाचे’ नावाचे फोल्डर तिच्या लेखी नसते. ते विंडोजच्या लायब्ररीत जोडून घ्यावे लागते. लिनक्सवर देजा डूप हे सोपे साधन बहुतेकांना पुरते.

अशा प्रोग्रामचा मोठा फायदा जुन्या आवृत्त्यांचा. हाताने कॉपी करताना ‘रिप्लेस’ म्हटले की बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर बसते. प्रोग्राम दोन्ही ठेवतो.

काम झाले की डिस्क ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क सोयीची असते, पण रॅन्समवेअर आणि विजेचा झटका या दोन्हींच्या तोंडी राहते. आठवड्यातून एकदा, लॅपटॉप चार्जिंगला लावताना, तासाभरासाठी जोडणे हा बऱ्याच घरांत टिकणारा मधला मार्ग आहे. ज्यांना क्लाउड नको त्यांनी दोन डिस्क घ्याव्यात आणि एक भावाकडे, मुलीकडे किंवा गावच्या घरी ठेवावी. महिन्या-दोन महिन्यांनी जाणे-येणे होते तेव्हा अदलाबदल करावी. साताऱ्याच्या घरातली डिस्क पुण्याच्या फ्लॅटमधली चोरी निस्तरू शकते. त्याच फ्लॅटच्या दुसऱ्या खोलीतली डिस्क ते करीलच असे नाही.

क्लाउड : सिंक आणि बॅकअप यांतला फरक

क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायची दुसऱ्या कोणाची तरी डिस्क. गूगल पंधरा जीबी फुकट देते, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो असे तिघांचे भागवायचे असते. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह आणि ॲपलचे आयक्लाउड पाच-पाच जीबी देतात. दस्तऐवजांपुरते हे पुरते, फोटोंसाठी पैसे भरावे लागतात.

पण जागेपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे या तिन्ही सेवांचे मुख्य काम सिंकचे आहे. सिंक म्हणजे दोन ठिकाणची फोल्डरे सारखी ठेवणे. लॅपटॉपवर फाइल आली की क्लाउडवर येते, हे सर्वांच्या लक्षात असते. लॅपटॉपवरून गेली की क्लाउडवरूनही जाते, हे लक्षात येते ती हवी असताना. आरशात जशी वस्तू दिसते तशी पुसलेली जागाही दिसते. रॅन्समवेअरने कुलूप लावलेल्या फाइलीही अशाच इमानेइतबारे वर चढतात. डिलीट झालेली फाइल गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये तीस दिवस राहते, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही तीस दिवस. मार्चमधली चूक जुलैमध्ये शोधणाऱ्याला याचा उपयोग नाही.

सिंक करणारे सॉफ्टवेअरही चुकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमधील दोषामुळे काही वापरकर्त्यांच्या अनेक महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. गूगलने दोष मान्य करून फाइली परत मिळवण्याचे साधन दिले, पण जे फक्त त्या एकाच प्रतीवर विसंबून होते त्यांचे ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करता येते.

म्हणून क्लाउड निवडताना विचारायचे ते हे, की जुनी आवृत्ती किती दिवस मिळते. सिंकऐवजी निव्वळ बॅकअपसाठी असलेल्या सेवाही आहेत. त्या संगणकावरचे बदल एकतर्फी वर नेतात, आवृत्त्या जास्त काळ ठेवतात आणि पैसे घेतात. त्यांची मुदत सेवेनुसार आणि योजनेनुसार बदलते, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी तेवढे एक पान नीट वाचावे. ज्यांच्याकडे आवृत्त्या ठेवणारी डिस्क आहे, त्यांना घराबाहेरची प्रत म्हणून साधे सिंकही चालते. एकाची उणीव दुसरे भरून काढते.

वेगाचा हिशेबही आधीच करावा. दोनशे जीबी माहिती सेकंदाला वीस मेगाबिट वेगाने वर चढवायला सुमारे बावीस तास लागतात, तेही वेग एकदाही न घसरता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाच मेगाबिट मिळत असतील तर चार दिवसांच्या घरात. हीच माहिती हार्ड डिस्कवर काही तासांत उतरते. फाइली लहान आणि पुष्कळ असल्या तर जास्त वेळ, मोठे व्हिडिओ असले तर कमी. पहिल्या वेळी चढवून झाले की पुढे फक्त बदल जातात, त्यामुळे ती पहिली फेरी एखाद्या सुटीच्या दिवशी संगणक चालू ठेवून पार पाडावी.

खात्याची काळजी हा क्लाउडचाच भाग आहे. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते त्यातल्या मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार गूगलने २०२३ च्या धोरणात स्वतःकडे ठेवला आहे. आई-वडिलांच्या नावाने उघडून फोटो भरलेली आणि नंतर कोणी न पाहिलेली खाती यात सापडतात. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे वर्षातून एकदा पाहावे. भाडे थकले की प्रथम नवे चढणे बंद होते आणि कालांतराने आहे तेही जाऊ शकते.

परत मिळवून पाहणे

बॅकअपचा खरा कस लागतो तो फाइल परत आणताना. आणि इथेच मोठमोठ्यांची फजिती झालेली आहे.

पिक्सार या स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना, १९९८ मध्ये, कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या बहुतेक फाइली डोळ्यांदेखत पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, म्हणून सुरुवातीला कोणी फार घाबरले नाही. पण तो बरेच दिवस नीट घेतलाच जात नव्हता आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. घरी लहान बाळ असल्यामुळे त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. (पुढे कथाच बदलल्यामुळे त्यातले पुष्कळसे काम नव्याने करावे लागले, हा भाग वेगळा.)

दुसरे उदाहरण गिटलॅबचे. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात अशी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे तीनशे जीबी गेले. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, आणि ऐनवेळी त्यांतली एकही धड चालत नव्हती. रोजची प्रत आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे तयारच होत नव्हती. ती अपयशी ठरल्याचे इशारे देणारे ईमेल निघत होते, पण तेही वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून नुकसान सहा तासांवर थांबले. कंपनीने हा सगळा प्रकार लपवला नाही. दुरुस्तीचे काम लोकांना थेट प्रक्षेपणात दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. बॅकअपविषयी वाचण्याजोगे जे थोडे आहे, त्यात तो अहवाल मोडतो.

घरी एवढा व्याप नसतो. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधून पाच-सहा फाइली परत आणून उघडाव्यात. त्यांत एक जुनी, एक कालची, एक मोठा व्हिडिओ, एक हिशेबाची असावी. मराठी नावाची फाइलही असावी, कारण काही जुन्या झिप प्रोग्रामांतून देवनागरी नावे प्रश्नचिन्हे होऊन बाहेर येतात. फाइलीचे नाव दिसणे पुरेसे नाही, ती उघडली पाहिजे. आणि शक्य असेल तर हे दुसऱ्याच संगणकावर करावे. ज्या दिवशी बॅकअप लागेल, त्या दिवशी आपला संगणक नसणार आहे.

कुलूप आणि किल्ली

एक्स्टर्नल डिस्क चोरीला गेली तर बँकेचे उतारे, आधार-पॅनच्या प्रती, घरचे फोटो चोराच्या हाती लागतात. त्यासाठी डिस्कला पासवर्ड लावता येतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, मॅकमध्ये टाइम मशीनच तशी सोय देते, आणि व्हेराक्रिप्ट सर्वत्र फुकट चालते. पण इथे देवघेव आहे. हा पासवर्ड विसरला तर दुकानदार, कंपनी, कोणीही डिस्क उघडून देऊ शकत नाही. घरगुती बॅकअप चोरीने जातात तसे विसरलेल्या पासवर्डनेही जातात. पासवर्ड कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवणे यात काही गैर नाही. ज्या लॅपटॉपचा बॅकअप आहे त्याच लॅपटॉपमधल्या फाइलीत तो लिहून ठेवणे मात्र निरर्थक.

नवीन विंडोज लॅपटॉप घेतलेल्यांनी आणखी एक पाहावे. विंडोज ११ चे अनेक लॅपटॉप आतल्या डिस्कला आपणहून कुलूप लावतात आणि त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवतात. दुकानदाराने लॅपटॉप सुरू करून देताना स्वतःच तयार केलेले खाते वापरले असेल, तर ती की मालकाला ठाऊक नसलेल्या खात्यात असते. मदरबोर्ड बिघडल्यावर डिस्क शाबूत असूनही उघडत नाही. की कुठे आहे हे आज तपासायला पाच मिनिटे लागतात.

घरात एकाला तरी हे सगळे माहीत असावे. कुटुंबातल्या ज्या एका माणसाने बॅकअपची व्यवस्था लावली, तोच अचानक नसेल तर मागे राहिलेल्यांना डिस्क सापडते, पण पासवर्ड नाही.

कोणी काय घ्यावे?

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती थोडी आणि बदल रोजचे असतात. त्याला फुकट मिळणारे क्लाउड पुरते, मात्र त्याबरोबर आठवड्यातून एकदा तारीख घातलेली स्वतंत्र प्रत डिस्कवर जायला हवी. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरोखर अंतिम’ अशा नावांपेक्षा नावातच वर्ष-महिना-दिवस घातला की क्रम आपोआप लागतो.

घरचे फोटो-व्हिडिओ मोठे पण न बदलणारे. त्यांना दोन हार्ड डिस्क, दोन घरांत, हा सर्वात स्वस्त आणि निर्धास्त मार्ग. निवडक फोटो क्लाउडवर.

हिशेबनीस, डीटीपीवाले, छोटे दुकानदार यांचे एका दिवसाचे काम गेले तरी पैशांत नुकसान होते. त्यांच्यासाठी रोज आपोआप चालणारा डिस्कवरचा बॅकअप, जुन्या आवृत्त्या ठेवणारी पैसे देऊन घेतलेली क्लाउड सेवा आणि महिन्यातून एकदा काढून दुसरीकडे नेलेली डिस्क, असे तिन्ही हवे. काही कार्यालयांत दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी नॅस पेटी असते आणि तिलाच बॅकअप समजले जाते. एक डिस्क बिघडली तर ती पेटी काम थांबू देत नाही, हे खरे. पण पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसते.

डिस्क कधी बदलावी याला पक्की मुदत नाही. पाचएक वर्षे झाली, किंवा त्याआधी आवाज, वारंवार तुटणारी जोडणी, उघडायला लागणारा वेळ यांपैकी काही दिसले, की नवी घ्यावी. जुनी लगेच टाकून देऊ नये. नव्या डिस्कवरच्या फाइली उघडून पाहिल्यावर जुनीवर तारीख लिहून ती काही महिने तशीच ठेवावी, आणि भंगारात देण्यापूर्वी पूर्ण पुसावी. नुसते डिलीट करून दिलेल्या डिस्कमधून फाइली सहज परत काढता येतात.